अथेन्सची हंडी

आम्ही बडोदेकर, दांडिया बाजारातले. जन्म बँकेत गेला, त्यामुळे हॉटेलात आधी किमतीचा रकाना वाचायची सवय. आमची ही म्हणायची, "एकदा तरी बाहेर झकास जेवूया." मी म्हणायचो, "घरी वरण आहे ना!"

ती गेली. पुढे २०१९ मध्ये लेकीने अथेन्सला नेलं. तिथे ओनासिस स्तेगी हे नाटक-संगीताचं मोठं केंद्र आहे. खाली नाट्यगृह आणि वरच्या मजल्यावर तेव्हा 'हीत्रा' हे नव्या ढंगाच्या ग्रीक जेवणाचं रेस्टॉरंट होतं. हीत्रा म्हणजे हंडी! समोर दिव्यांनी उजळलेलं अ‍ॅक्रोपोलिस.

छोट्याशा बशीत 'फावा' आली. सांतोरिनी बेटावरची पिवळी डाळ, शिजवून घोटलेली. वर ऑलिव्ह तेल, कांदा, केपर नावाच्या खारवलेल्या कळ्या. लेक म्हणाली, "बाबा, आपल्या लाखोळीच्याच कुळातली ही." पहिला घास घेतला आणि डोळे भरून आले. वरणच हो! फक्त तूप तेवढं नव्हतं.

बिल मीच दिलं, आकडा न बघता.

मंडळी, घरात कोणी "एकदा जाऊया" म्हणत असेल तर आजच न्या. सूरसागरच्या काठी का होईना. हिशेब नंतर जुळवता येतो.