म्हातारा मुष्टियोद्धा

गाजलेल्या कथेचा उत्तरभाग म्हटला कीं आमच्या मनांत आधीं संशय उभा राहतो. २००६ सालचा 'रॉकी बाल्बोआ' तर पांचव्या भागानंतर सोळा वर्षांनीं आलेला, आणि त्याचा नायक, लेखक व दिग्दर्शक सिल्व्हेस्टर स्टॅलोन साठ वर्षांचा. साठीला मुष्टियुद्ध! चिरंजीवांनीं आग्रह केला म्हणून आम्ही तो पाहावयास बसलों, आणि वरमलों.

फिलाडेल्फियाचा हा एके काळचा जगज्जेता आतां दिवंगत पत्नीच्या नांवाची खाणावळ चालवितो आणि गिऱ्हाइकांना जुन्या लढतींच्या गोष्टी सांगतो. तिच्या थडग्याशीं बसण्याची खुर्ची त्यानें तेथल्याच झाडावर ठेवून दिली आहे. रोज घरून कोण आणणार! त्या खुर्चीपुढें मधल्या भागांतील सारी आरडाओरड आम्हांस फिकी वाटली.

बाप पुन्हां लढणार म्हणतांच मुलाला लाज वाटते. लोक आपल्यालाही हंसतील, असें तो तोंडावर सांगतो. येथें आमच्या चिरंजीवांनीं पडद्यावरची नजर हलविली नाहीं. आम्हींही नाहीं.

१९७६ च्या पहिल्या चित्रपटांत रॉकी पंचांच्या मतविभागणीनें हरला होता. पंधरा फेऱ्या उभा राहिला, हेंच त्याचें यश. पुढें तो जिंकूं लागला आणि आमच्या मनांतून उतरला. या चित्रपटांत तो पुन्हां तसाच थोडक्यांत हरतो. पण निकालासाठीं थांबत नाहीं, लोकांचे हात हातीं घेत निघून जातो.

चित्रपट संपल्यावर खुर्चींतून उठतांना चिरंजीवांनीं आम्हांस हात दिला. एरव्हीं आम्हीं तो झिडकारला असता.