खालाच्या दोन गाठी

पाळी जाऊन नऊ वर्षं झालेल्या खालाच्या अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागलं. नमाज चालेल का, हे तिनं लगेच आलिमाबाजींना विचारलं. डॉक्टरांना चार महिन्यांनी. आमच्या घरांत हाच क्रम.

क्युरेटिंगमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. सोनोग्राफीत दिसलेली गाठ फायब्रॉईड समजली गेली. गर्भाशय, नळ्या, अंडाशय काढून तपासले तेव्हा कळलं, ती गाठ म्हणजे स्नायूचा कॅन्सर, लायोमायोसार्कोमा. दोन स्वतंत्र कॅन्सर, मध्ये निरोगी भाग. क्युरेटिंग अस्तरच खरवडतं. स्नायूतलं त्याला कुठून दिसणार?

सार्कोमा रक्तावाटे फुप्फुसांत पोचू शकतो, म्हणून छातीचा सीटी स्कॅन झाला. तो साफ आला. पुढचे उपचार जास्त घातक कॅन्सर पाहून ठरतात.

"दोन आहेत, तर केमोपण डबल का?" खालानं विचारलं.