फ्लॉरेन्समधील ‘असेल’

आर्नो नदीच्या कांठीं वसलेल्या फ्लॉरेन्स शहरीं आम्ही उतरलों, तेव्हां इटालियन भाषेचें जुजबी व्याकरण आमच्या संग्रहीं होतें. भविष्यकाळाचा नियम तर मुखोद्गत! ‘पार्लारे’ म्हणजे बोलणें. त्यांतील ‘ला’चा ‘ले’ करून ‘पार्लेरो’ म्हटलें कीं ‘मी बोलेन’ झालें. आघात मात्र अंत्य ‘रो’वर. हा प्रत्यय लॅटिनमधील ‘हाबेओ’ म्हणजे ‘मजजवळ आहे’ या क्रियापदाचा झिजलेला अवशेष होय. ‘मला बोलावयाचें आहे’ याचेंच कालांतरानें ‘मी बोलेन’ झालें.

दुसरे दिवशीं आमच्या सौभाग्यवतींस ताप भरला. सान्ता क्रोचे देवालयांतील गॅलिलिओची समाधि पाहण्याचा बेत राहिला. वृद्ध घरमालकीण कपाळास हात लावून म्हणाली, ‘सारा ला स्तान्केत्सा.’ ‘स्तान्केत्सा’ म्हणजे थकवा, आणि ‘सारा’ तर भविष्यकाळ! म्हणजे पुढें आणखी ग्लानि येणार कीं काय, या शंकेनें आमचें काळीज चरकलें.

सायंकाळीं औषधाची वेळ झाली का, म्हणून विचारतां बाई खिडकीबाहेर पाहून म्हणाल्या, ‘सारान्नो ले ओत्तो.’ आठ वाजले असतील! तत्क्षणीं आमच्या डोक्यांत प्रकाश पडला. मराठींत आपण ‘असेल’ म्हणून तर्क करतों, तसाच हाही तर्कच. सकाळीं बाई ‘थकवा असेल’ इतकेंच म्हणाल्या होत्या!

जातांना त्या पुटपुटल्या, ‘दोमानी स्तारा मेल्यो.’ उद्यां बरें वाटेल. हा मात्र खरा भविष्यकाळ. आणि तो खराही ठरला. परमुलखांत त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली, ती आपल्याच घरच्या ‘असेल’मुळें.