खडा आणि गोळा

आमचे गाव अकोले. अकोला नव्हे. हे जन्मभर सांगत आलो, तरी लोकांना पटत नाही. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाने पुण्याच्या एका मोडीत निघालेल्या हॉटेलातून घेतलेली भट्टी मालमोटारवाल्याने आधी विदर्भातल्या अकोल्याला नेऊन टाकली आणि तिथून ती आठ दिवसांनी प्रवरेकाठच्या आमच्या गावी परत आली, याचे घरात कुणाला फारसे नवल वाटले नाही. आमच्या नात्यातल्या दोन लग्नपत्रिकाही याच वाटेने आलेल्या आहेत.

भाऊ भंडारदऱ्याला, शेंडीच्या जरा अलीकडे, तंबू लावतो. शनिवारी मुंबई-पुण्याची मंडळी येतात, पाण्याकाठी बसतात, मांस नाहीतर पनीर भाजून खातात, आणि जमिनीवर झोपण्याचे पैसे देऊन जातात. आमच्या आईला या धंद्याचा उलगडा अजून झालेला नाही. जमिनीवर झोपण्याला कंटाळूनच माणसे मुंबईला गेली ना, असे ती विचारते.

ती भट्टी म्हणजे एक भले थोरले अंडे. बाहेरून हिरवी झिलई, आत जाड भाजलेली माती, मध्ये जाळी. खाली हवा घ्यायला एक सरकते दार आणि वरच्या टोपीत हवा सोडायला एक चकती. चार गड्यांनी ती उतरवली तेव्हा चौघांनीही एकेक वेगळी शिवी दिली. ही मूळची जपानची. तिकडे चुलीला ‘कामाडो’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी ती आवडून घरी नेली, आणि पुढे १९७४ साली अटलांटा शहरात एका गृहस्थाने तिचे दुकानच मांडले. चूल जपानची, झिलई अमेरिकेची, मालकी पुण्याच्या हॉटेलची, आणि नशिबात शेवटी शेंडीचा पाऊस!

आता यात जाळायचे काय? भावाने दोन पोती आणून ठेवली होती. एकात खडा कोळसा, म्हणजे लाकूड जाळून केलेला, वेडावाकडा, हाताला येईल तो तुकडा. दुसऱ्यात वड्या, भुकटी दाबून केलेल्या, एकसारख्या, मध्ये भोक असलेल्या. वड्या स्वस्त होत्या आणि दिसायलाही नीटस होत्या. भावाने मला फोन केला. “आक्का, तू तीन कादंबऱ्या लिहिल्यास, तुला एवढं ठरवता येईना?”

मी मॅट्रिक आहे. आता त्याला दहावी म्हणतात. पण आमचे दादा ‘पोरगी मॅट्रिक झाली’ असे सांगत गल्लीभर पेढे वाटत फिरले होते, तेव्हापासून मला दुसरा शब्द आवडत नाही. मी शिशुवर्गाला शिकवते आणि उरलेल्या वेळात लिहिते. कोळशाविषयी मला जे कळते, ते पुस्तकातले नाही. आमच्या दादांचे बाजारपेठेत इस्त्रीचे दुकान होते. पितळी इस्त्री, तिच्या पोटात निखारे. त्यामुळे कोळसा आमच्या घरी धान्यासारखा पोत्याने येई.

पोते आले की दादा ते ओट्यावर ओतत आणि एकेक खडा दुसऱ्यावर आपटून पाहत. नीट जळलेला कोळसा खणखणतो, काचेसारखा. कच्चा राहिलेला बद्द वाजतो. तो इस्त्रीत घातला की धूर सोडतो, आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या धोतराला वास येतो. खणखणीत खडे दुकानात जात. बद्द खडे बाजूला. आणि पोत्याच्या तळाशी जो चुरा उरे, तो आईचा.

आई त्या चुऱ्यात शेण आणि थोडी चिकणमाती कालवून गोळे करी. उन्हाळ्यात आमच्या परड्यात असे शे-दोनशे गोळे ओळीने वाळत पडलेले असत. घरातला स्वयंपाक, आंघोळीचे पाणी, दूध आटवणे, सगळे त्या गोळ्यांवर. दुकानाला खडा आणि घराला गोळा, ही वाटणी कधी कुणी ठरवली मला माहीत नाही; पण ती इतकी पक्की होती, की चुकून एखादा खणखणीत खडा चुऱ्यात राहिला तर आई तो उचलून दुकानात पाठवून देई. तिचे हात कोपरापर्यंत काळे असत. शाळेत हळदीकुंकवाला आली की ती हात पदराखाली धरून बसे, आणि मी तिच्यापासून दोन बायका सोडून बसत असे. हे लिहायला मला चाळीस वर्षे लागली.

तर मी भावाला म्हटले, मला विचारू नकोस, आईला घेऊन येते.

मे महिन्याचा शेवट होता. भंडारदऱ्याच्या रानात तेव्हा काजवे येतात आणि ते पाहायला माणसे त्यांच्याहून जास्त येतात. आईने दोन्ही पोती उघडायला लावली. आधी खडा हातात घेतला, आपटला, कानाशी नेला. “बाभळीचा हाय. वेड्या बाभळीचा.”

बरोबर होते. वेडी बाभूळ आमच्या देशची नव्हे. दक्षिण अमेरिकेकडून आली आणि माळरानांवर अशी पसरली की शेतकरी हात जोडतो. तिचा कोळसा केला तर रानाचे काही जात नाही. ऐन-खैराचा कोळसा असता तर मीच भावाला तो परत करायला लावला असता. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचे रान १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि नसते तरी ते चुलीत घालण्यासाठी नाही. चार-पाच किलो लाकूड जाळावे तेव्हा किलोभर कोळसा हाती येतो. एका रात्रीच्या मेजवानीत केवढे झाड जाते, याचा हिशेब मांडून पाहावा.

पण बाभूळ वेडी असली म्हणून कोळसा फुकट होत नाही. तो भाजणारे बहुधा कातकरी असतात. दिवाळी आटोपली की ठेकेदाराची उचल घेऊन घरेच्या घरे भट्ट्यांवर जातात, लाकूड तोडतात, रचतात, मातीने लिंपतात आणि भट्टीचा धूर पांढऱ्याचा निळा होईपर्यंत रात्रंदिवस तिच्याशी जागतात. लहानपणी आमच्या दुकानासमोर कोळशाची गाडी थांबे, तेव्हा पोत्यांवर झोपलेली मुले मी पाहिली आहेत. त्यातले एक पोर माझ्याच वर्गात असायला हवे होते.

वडीची गोष्ट निराळी, आणि मला मनातून तीच घ्यावी असे वाटत होते. वड्या उसाच्या पाचटाच्या होत्या. आमच्या तालुक्यात कारखाना आहे. ऊस तुटला की वावरात पाचट उरते आणि बहुतेक जण ते पेटवून मोकळे होतात. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने याच पाचटाचा कोळसा करण्याची रीत बसवली. बंद पिंपात पाचट भरायचे, बाहेरून जाळ द्यायचा, आत हवा जाऊ द्यायची नाही; पाचटातून निघणारा वायूच मग त्या जाळात जळतो आणि पिंपात काळी भुकटी उरते. तिला खळ लावून वड्या पाडायच्या. २००२ साली या कामाला विलायतेत ॲशडेन पुरस्कार मिळाला. संस्था उभारणारे डॉ. आनंद कर्वे हे इरावतीबाईंचे चिरंजीव. आईने ‘युगान्त’ लिहावे आणि मुलाने पाचटाचा कोळसा करावा, हे घराणे मला फार आवडते. अमेरिकेतही वड्यांचा मोठा प्रसार केला तो मोटारवाल्या हेन्री फोर्डने, १९२० च्या दशकात, कारखान्यातल्या लाकडाच्या कपच्या वाया जाऊ नयेत म्हणून. म्हणजे आमच्या आईचेच शास्त्र. फक्त तिने पेढी काढली नाही.

हे सगळे मी आईला सांगितले. तिने ऐकून घेतले, वडी फोडली, बोटाने चोळली आणि म्हणाली, “चांगली हाय. पर ह्या मडक्यात नको.”

का नको?

“राख.”

तेवढ्याने आम्हांला कळेना, म्हणून तिने दोन्ही पेटवून दाखवले. खडा चटकन धरला, तडतडला, दोन ठिणग्या भावाच्या पायावर उडवल्या आणि लाल झाला. खालचे दार उघडले की भडके, लोटले की निवे, शहाण्या बैलासारखा. वडी सावकाश धरली, पण एकदा धरली की तासभर एकाच तालावर राहिली. गंमत अशी, की उघड्या शेगडीवर आई वडीच निवडती. डाळ शिजवायला, दूध आटवायला तिच्यासारखे काही नाही. पण वडीच्या मागे राख पुष्कळ राहते, आणि या अंड्याचा सगळा जीव त्या खालच्या दारात आहे. जाळीची भोके राखेने बुजली की हवा बंद, आणि हवा बंद की आग गुदमरली. खड्याची राख मूठभर. शिवाय ही जाड माती एकदा तापली की ऊब धरून ठेवते. सावकाश जळण्याचा वडीचा गुण मडक्यातच आहे, तो पुन्हा विकत कशाला घ्यायचा? मोठे खडे खाली, बारके वर, आणि चुरा अजिबात नाही, असे तिने भावाच्या गड्याला दोनदा बजावले.

इथे हा लेख संपायला हवा होता. पण त्या रात्री वळीव आला.

पाहुण्यांचे भाजणे अर्धे झाले होते. अंडे तर हलण्यातले नव्हते. पण थंडी वाजू लागली म्हणून त्यांच्यातल्या दोघांनी त्यातले निखारे एका घमेल्यात काढले, वर चार वड्या टाकल्या, आणि घमेले घेऊन तंबूत चालले. धूर येत नव्हता, मग हरकत कसली? आई उठली आणि तंबूच्या दारात उभी राहिली. “आत न्यायचं नाय.”

त्यांनी आधी हसून घेतले, मग समजावले, मग आम्ही पैसे दिले आहेत हे सांगितले. भाऊ तिच्या कानाशी लागला, “आई, गिऱ्हाईक आहे.” ती त्याच्याकडे पाहीना. शेवटी तिने पदराने घमेल्याचा काठ धरला आणि ते पावसात उपडे केले.

पाहुणे सकाळी रागातच गेले. पण त्या रात्री, तंबू निजल्यावर, आई मला म्हणाली, “तुला ती कावळ्या उडालेली रात आठवती का?”

मला आठवत होती. १९८७ चा आषाढ. मी आठ वर्षांची, भाऊ तान्हा, त्याला खोकला. सकाळी दादा दार काढताना उंबऱ्यात कोसळले, मला उलट्या, भाऊ निपचित. पत्र्यावरचे कावळे कलकलत उडाले होते. दृष्ट लागली, असे घरात ठरले होते. मी तर माझ्या दुसऱ्या कादंबरीत त्या रात्रीचा उपयोग भूतबाधेसाठी केला आहे, आणि तो प्रसंग वाचकांना आवडलाही.

“दृष्ट कशाची,” आई म्हणाली. “म्याच शेगडी आत घेतली व्हती. गोळ्याची. पोराला ऊब म्हणून. फटीत पोती कोंबली. तुझे दादा पडले आन् दार उघडलं, म्हणून वाचलो.”

कोंडलेल्या जागी कोळसा जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त त्याला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने धरते. हे मला छापील ज्ञान म्हणून ठाऊक होते. आईला ते कुणी सांगितले नव्हते. तिने सदतीस-अडतीस वर्षे फक्त एवढे लक्षात ठेवले होते, की शेगडी आपण आत घेतली. दादांना सांगितले होते का, मी विचारले. ती म्हणाली, “त्यांला म्हाईत व्हतं. ते कधी बोलले नाय.” मग थोड्या वेळाने, “दुसऱ्या दिवशी त्यांनी खडे घरी आणले. शेर-दोन शेर. म्या परत पाठवले.”

भाऊ तंबूच्या दोऱ्या ओढत उभा होता. त्याने हे ऐकले की नाही, मला कळले नाही. तो काही बोलला नाही. दोर दोनदा सोडून दोनदा बांधला.

सकाळी आईला त्या अंड्याची चकती फिरवून पाहायची होती. रात्री खालवर सगळे बंद केले होते. उघडले तर आग केव्हाच विझलेली, आणि निम्मे खडे काळेच्या काळे, पुन्हा जाळण्याजोगे. हा प्रकार तिला फारच पसंत पडला. आम्ही निखारे मडक्यात घालून वर परात झाकत असू, ते हेच, असे ती म्हणाली. तिने उरलेले खडे एकेक करून बाहेर काढले, वाजवून पाहिले, बद्द निघालेले दोन बाजूला ठेवले. मग हात आत कोपरापर्यंत घालून तळ खरवडला.

“ह्यो चुरा टाकू नको रे,” ती भावाला म्हणाली. “पिशवी दे. मपल्याला घरी लागतो.”