दीड एकराची हमी

जुन्या जाहिराती वाचायचा मला नाद आहे, आणि त्यांना हसण्यात त्या नादाची अर्धी मजा असते. घोड्यांनी ओढायच्या कापणी यंत्रांच्या अमेरिकी जाहिराती तर माझ्या खास आवडीच्या. 1880च्या दशकात मॅकॉर्मिक कंपनीने एक रंगीत चित्र छापलं होतं. त्यात शायलोची लढाई पेटलेली, आणि सोबत दावा असा की आमची यंत्रं प्रत्येक सामन्यातून विजयी होतात, तीही ओरखडा न उमटता. यादवी युद्धात माणसं मेली त्या रणावर गव्हाचं यंत्र विकायचं! असल्या भपक्यावर पैसे टाकणारा शेतकरी भोळाच असणार, हे मी खुशाल धरून चाललो होतो.

मग त्याच कंपनीचा संस्थापक सायरस मॅकॉर्मिक याच्या 1850च्या दशकातल्या विक्रीच्या अटी वाचनात आल्या. किंमत 120 डॉलर. 30 आधी द्यायचे, उरलेले पैसे, यंत्र पसंत पडलं तर, सहा महिन्यांत. यंत्र तासाला दीड एकर कापेल, हातकापणीपेक्षा दाणे कमी सांडेल. तसं झालं नाही तर यंत्र परत घेऊन 30 डॉलर परत.

‘दाणे कमी सांडेल’ इथे मी अडलो. पिकलेला गहू कुणासाठी थांबत नाही. कापणी लांबली की दाणा मातीत जातो, आणि ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत. हाताने कापणारा तरबेज गडीही दिवसाला दोनेक एकर उरकायचा. म्हणजे जमीन कितीही असो, कापून होईल तेवढंच पेरायचं. अटी लिहिणाऱ्याला ही धास्ती नेमकी ठाऊक होती. आणि वाचणारा स्वतः बांधावर उभा राहून दीड एकर मोजणार, हेही. त्या कागदात भुलण्यासारखं काही नव्हतंच. भोळा शेतकरी मीच रचला होता, माझं शहाणपण उठून दिसावं म्हणून. मोबाइल घेताना अटी न वाचता ‘मान्य’ दाबणारा मी!

मग तो भपका कशासाठी? मॅकॉर्मिकच्या 1834च्या पेटंटची मुदत 1848मध्ये संपली, वाढवून मिळाली नाही. कारखानदार वाढले. यंत्रं एकमेकांसारखी होत गेली तसं वेगळेपण चित्रकाराकडून आणावं लागलं असावं, असा माझा तर्क. मी त्या चित्रांवरून अख्खं शतक जोखत होतो.

हमीवर मात्र मी पुरता भाळलेलो नाही. ती यंत्राच्या कामाची होती, हंगामाची नव्हती. भाव पडले तरी, यंत्र ठीक चाललं की उरलेले 90 डॉलर देणं आलंच. पहिले 30 मोजताना शेतकऱ्याने तोही हिशेब केला असणार.