सहा पॉइंट एक

ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. एचबीएवनसी ६.१. वय २८, वजन ५६ किलो. वाटलं, लॅबची चूक असणार.

हा आकडा म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची नोंदवही. हिमोग्लोबिनला साखर चिकटते आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यामुळे आदल्या रात्री उपाशी राहून तो खोडता येत नाही. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह. मी मधल्या पट्ट्यात. म्हणजे एरर नाही, वॉर्निंग. आणि वॉर्निंगकडे दुर्लक्ष करण्यात आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

पण बारीक असून मला कसं? उत्तर पुण्यातच सापडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याला हे दिसत नाही.

सांगलीला आईला फोन केला. ती थोडा वेळ गप्पच राहिली. मग म्हणाली, “बाबांना सांगू नकोस. आणि बाहेर तर अजिबात बोलू नकोस, स्थळं बघतोय ना.”

गेल्या वर्षी बाबांच्या पायाचा अंगठा काढावा लागला. तेव्हा कळलं होतं, डॉक्टरांनी त्यांना ‘बॉर्डरवर आहे’ असं कितीतरी आधी सांगितलं होतं. बाबांनी घरात कुणाला सांगितलंच नाही. उगाच सगळ्यांना काळजी नको म्हणून.

मी त्याच रात्री बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “मी तेव्हा बोललो असतो तर…” पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झाला. शंभर टक्के नव्हे, पण माझ्या हातात आहे ते एवढंच. चार कप गोड चहाचे दोन बिनसाखरेचे झाले. ताटात आधी काकडी आणि उसळ, भात शेवटी आणि थोडा. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवण्यापेक्षा स्नायू कमवा. म्हणून आठवड्यातून तीनदा डंबेल्स. जेवल्यावर पंधरा मिनिटं चालते, तेव्हा फोनवर बाबा असतात. ते सांगलीत अंगणात, हळूहळू.

तीन महिन्यांनी आकडा ५.९ आला. पट्टा तोच, पण खालच्या बाजूला.

मागच्या रविवारी भेटायला आलेल्या मुलाला मी कॉफी यायच्या आतच सगळं सांगून टाकलं. वाटलं, उठून जाईल. तो जरा वेळ विचार करत बसला. म्हणाला, “माझ्या आईला शुगर आहे. मी अजून एकदाही तपासलेलं नाही.”

वेटर साखरेच्या पुड्या ठेवून गेला. त्या तशाच राहिल्या.