लगेच गेला का?

साताऱ्यात मानसोपचाराचा दवाखाना चालवायचा म्हणजे माजी सैनिक येणारच. येतात म्हणजे, बायको घेऊन येते. “झोपत नाहीत हो. फटाके सुरू झाले की रानातल्या खोपीत जाऊन बसतात.” गृहस्थ मात्र खुर्चीत ताठ. “सब ठीक आहे, साहेब.”

पुढे आमची प्रश्नावली चालत नाही. १९१५ साली चार्ल्स मायर्सने ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’वर लिहिलं, १९८० मध्ये ‘पीटीएसडी’ हे निदान अधिकृत झालं. दुखण्याला नाव मिळालं. पण ताठ बसलेल्या हवालदाराला विचारायचं काय, हे मी शिकलो कादंबऱ्यांतून. माझे डॉक्टर मित्र यावर हसतात. हसू देत.

लेखक टिम ओब्रायन स्वतः व्हिएतनाममध्ये लढला. त्याच्या गोष्टीत कोणाच्या अंगावर काय सामान होतं, ते वजनासकट येतं. तेव्हापासून मी भीतीबद्दल विचारत नाही, पिठ्ठूत काय काय असायचं ते विचारतो. एरवी गप्प असणारा माणूस त्यावर अर्धा तास बोलतो.

पण माझं खरं पाठ्यपुस्तक रेमार्कचं ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’. १९१७ मध्ये रेमार्क आघाडीवर दोन महिनेही नव्हता. जखमी होऊन इस्पितळात गेला. पुस्तक आलं १९२९ मध्ये. लोकांना त्यातले खंदक आठवतात. मी पुन्हा पुन्हा वाचतो तो सुट्टीचा भाग. कादंबरीतला सैनिक पॉल घरी येतो, तर गावातले शहाणे त्याला लढाई कशी जिंकावी ते सांगतात. मग तो केमरिख या मेलेल्या मित्राच्या आईकडे जातो. केमरिख इस्पितळात पाय गमावून, कण्हत, हळूहळू मेलेला. पॉल सांगतो, लगेच गेला, काही कळलंच नाही. आई शपथ घालते. तो शपथ घेतो. तीही स्वतःच्या जिवाची.

एका हवालदारांना मी महिनोन्‌महिने गोळीबाराबद्दल विचारत होतो. चूक माझी होती. एके दिवशी सहज विचारलं, “कोणाची पेटी घेऊन गावी गेला होतात का?” ते पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकले. गेले होते. मित्राच्या आईने विचारलं, त्रास झाला का रे त्याला? यांनी सांगितलं, “नाही मावशी, लगेच गेला.” तो पहाटेपर्यंत यांच्या मांडीवर होता.

शत्रूवर गोळी झाडल्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. त्या खोट्याचं वाटत होतं.

पॉलची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, “जर्मन होता ना तो?” मी हो म्हटलं. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले.

झोपेची गोळी अजून चालू आहे. मावशीकडे ते दर दिवाळीला जातात, आणि खरं काय झालं ते अजून सांगितलेलं नाही. सांगा, असं मीही कधी म्हटलेलं नाही.